दौलतचा उपास

इंदिरानगर, नाशिक
बुधवार, सकाळी साडेदहा

तीर्थरूप साडूभाऊ चिमाजीराव यांना,

धाकट्या साडूचा, म्हणजे किशोरचा, वाकून नमस्कार. (वाकलो, पण पूर्ण नाही. रविवारपासून कंबर धरली आहे, त्याचं कारण पुढे येईल.) विमलाताईंना नमस्कार, वैष्णवीला आणि तिच्या बाळाला आशीर्वाद. बाळाचं वजन वाढतंय हे ऐकून फार बरं वाटलं. पुण्याच्या हवेत तुमचा गुडघा कसा आहे? जिने चढू नका, नातवाला उचलून फेऱ्या मारू नका. इकडे तुमच्या द्वारका चौकाजवळच्या फ्लॅटची काळजी नसावी. किल्ली माझ्याकडे सुरक्षित आहे, कुंड्यांना दिवसाआड पाणी घालतो, तुळस टवटवीत आहे. आणि नव्या बाथरूममधला तो तुमचा पांढरा टब, ज्याच्यावरचं प्लास्टिक तुम्ही स्वतःसुद्धा काढलं नव्हतं आणि ज्याला हात लावायची कुणाची छाती झाली नव्हती, तोही ठणठणीत आहे.

आजच्या काळात पत्र कसलं लिहितोय, असं तुम्ही म्हणाल. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही दुसऱ्या वाक्याला मला तोडता आणि चौथ्याला फोन ठेवता. मला जे सांगायचंय ते चार वाक्यांत बसणारं नाही. शिवाय मी अजून धक्क्यातून बाहेर आलेलो नाही. पत्राला कुणी मध्येच अडवत नाही, आणि आजच कुरिअरने टाकलं की उद्या तुमच्या हाती पडेल. एकच विनंती, तुम्हाला पत्राचा शेवट आधी वाचायची सवय आहे, ती या वेळेपुरती सोडावी. वरून खाली, ओळीने वाचावं, आणि शक्यतो बसून.

दौलतला तुम्ही ओळखताच. आमच्या चैतालीने कॉलेजात असताना बोटाएवढा आणलेला तो अरोवाना. दुकानदार म्हणाला होता की हा मासा घरात दौलत आणतो, म्हणून तिने त्याचं नावच दौलत ठेवलं. दौलत काही आली नाही, तो स्वतः मात्र सव्वादोन फूट झाला. (तुम्ही मागच्या दिवाळीला त्याच्याकडे बघून, याचं कालवण किती जणांना पुरेल, असा हिशेब केला होता. लता ते अजून विसरलेली नाही.) चैतालीचं लग्न झालं, ती लासलगावला गेली, आणि मासा राहिला माझ्या गळ्यात. पाणी बदला, काचा घासा, वीज गेली की पंप सांभाळा. आमची टाकी चार फुटी. गेल्या वर्षभरात त्याला वळताना शेपूट काचेला घासायला लागली. मत्स्यालयवाला स्वराज येऊन बघून गेला आणि म्हणाला, काका, याला आठ फुटी टाकी द्या, नाहीतर वर्षभरात याचा कणा वाकेल, आणि मग तो जगला काय अन् मेला काय. मी तर हादरलोच. आमच्या हॉलमध्ये आठ फुटी टाकी ठेवायची तर आम्हाला गॅलरीत झोपावं लागेल. शेवटी चैतालीच्या सासऱ्यांनी, कोंडाजीरावांनी, मोठेपणा दाखवला. कांद्याचा व्यापार चांगला आहे, नवा बंगला आहे, त्यांनी हॉलच्या भिंतीला टाकी बांधूनच घेतली. मी मनात म्हटलं, सुटलो बाबा एकदाचा.

आता एवढा मासा न्यायचा कसा, हे स्वराजने तासभर समजावलं. जाळी वापरायची नाही. तिच्यात त्याचे खवले निघतात आणि हनुवटीच्या मिशा तुटतात. टाकीतलं पाणी कमी करायचं, दिवे मालवायचे, पोत्याएवढी जाड प्लास्टिकची पिशवी पाण्यातच धरायची आणि फळीने त्याला हळूहळू तिच्यात सरकवायचं. पिशवीत प्राणवायू भरायचा, वर काळी चादर टाकायची. टाकीतलं जुनं पाणी ड्रम भरून बरोबर घ्यायचं, कारण नळाच्या औषध घातलेल्या पाण्याने त्याचे कल्ले जळतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे निघायच्या आधी पूर्ण दोन दिवस त्याला उपाशी ठेवायचं. पोटात काही असलं तर तो वाटेत ओकतो, पिशवीतलं पाणी सडतं, आणि तासाभरात खेळ खलास. हे शेवटचं वाक्य स्वराजने तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा घरातले सगळे समोर होते.

तुम्हाला माहीतच आहे, मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेत आवक-जावक सांभाळली. तोंडी सूचनेवर माझा विश्वास नाही. शुक्रवारी सकाळी मी रीतसर परिपत्रक काढलं आणि टाकीच्या काचेवर चिकटवलं. ‘दौलत यांचा उपास आज सकाळपासून लासलगावी पोहोचेपर्यंत आहे. कोणीही, कोणत्याही कारणास्तव, काहीही खाऊ घालू नये. वाचून सही करावी.’ पहिली सही माझी. दुसरी लताची. तिसरी आमच्या आईची (वय ब्याऐंशी, सही अजून ठसठशीत, ‘नवसाबाई’ मधला ‘न’ जरा थरथरतो एवढंच). चौथी शेजारच्या मैनावहिनींची, कारण त्या दिवसातून दोनदा त्याला बघायला येतात. सगळ्यांनी ‘समजलं’ अशा माना डोलावल्या. मी निर्धास्त झालो. इतका मूर्ख माणूस सरकारी नोकरीत चौतीस वर्षं टिकला याचंच आता मला आश्चर्य वाटतं.

रविवारी सकाळी आठला स्वराज आला. पाणी फूटभर राहिलं, पडदे ओढले, मी अर्ध्या चड्डीवर टाकीत हात घालून पिशवीचं एक टोक धरलं, दुसरं त्याने. कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही. पाणी मला जरा गढूळ वाटलं, पण ढवळल्यामुळे असेल असं म्हणून मी सोडून दिलं. दौलत शहाण्यासारखा पिशवीच्या तोंडाशी आला, नाक आत गेलं, मिशा आत गेल्या. आणि त्याच क्षणी देवघरातून आई निरांजन लावलेलं तबक घेऊन आली. घरातून जाणाऱ्याला ओवाळायला नको का? अंधारात ती ज्योत टाकीवरून एकदा गोल फिरली. या जातीच्या माशाला पाण्यावर काही हललं की झेप घ्यायची खोड असते, हे स्वराजने आम्हाला सांगितलं होतं. आईला वेगळं सांगायचं राहिलं होतं. साडूभाऊ, सव्वादोन फूट मासा उभा हवेत आला. शेपटीची एक चपराक माझ्या गालावर बसली (आयुष्यात वडिलांनंतर पहिलीच), माझा चष्मा उडून टाकीत गेला, मी मागे सरकताना स्टुलावरून पाय घसरला आणि कंबर गेली. मासा परत पाण्यात पडला, देवाची कृपा. निरांजनसुद्धा विझलं नाही. आईने त्याला उरलेले दोन फेरे ओवाळले आणि मगच ती आत गेली.

दुसऱ्या खेपेला तो आला पिशवीत. आता सगळं सोपं आहे असं मला वाटलं. माझा चष्मा कुठे सापडेना (तो काल फिल्टरमध्ये मिळाला). केरूनानांचा टेम्पो खाली उभा होता. हे निफाडकडचे, आजवर त्यांनी गाई नेल्या, द्राक्षं नेली, एकदा नवरानवरी नेली, मासा पहिल्यांदाच. पिशवी एका लांब क्रेटमध्ये, वर काळी चादर, बाजूला जुन्या पाण्याचे दोन निळे ड्रम. स्वराज स्कूटरवर पुढे लासलगावला गेला, तिकडची टाकी तयार ठेवायला. लता पुढे केबिनमध्ये. तिच्या मांडीवर एक पिशवी होती. तिच्यात नारळ, चैतालीसाठी खण आणि एक घट्ट झाकणाचा डबा. डब्यात काय आहे असं मी विचारलं, तर म्हणाली चिवडा. मी मागे क्रेटला मिठी मारून बसलो. मैनावहिनी खाली उभं राहून डोळ्यांना पदर लावत होत्या. चैतालीच्या पाठवणीला त्या जितक्या रडल्या होत्या त्याच्यापेक्षा या वेळी जास्त रडल्या, हे माझ्या लक्षात आलं. का, ते तेव्हा आलं नाही.

द्वारकेला आम्ही अडकलो. तुमच्या द्वारकेचं मी तुम्हाला काय सांगणार! पुढे एक ट्रेलर आडवा झालेला, मागे बस, दोन्ही बाजूंनी रिक्षा, आणि वर ऊन. वीस मिनिटं झाली, तीस झाली. केरूनाना उतरून मागे आले, चादर उचलून त्यांनी पिशवीत पाहिलं. मला चष्म्याशिवाय नुसतं पांढरट दिसत होतं. मला वाटलं तो दौलतच चमकतोय.

“भाऊ,” केरूनाना म्हणाले, “पाणी पार ताकावानी झालंय. अन् मासा नुसता आ करतोय. मला काय हे बरं दिसत नाय.”

स्वराजला फोन लावला. तो पिंपळगावला पोहोचला होता. मी सांगितलेलं त्याने ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलला, “काका, तो ओकलाय, त्याला कुणीतरी खायला घातलंय.” मी भर चौकात ओरडलो की अशक्य, आमच्याकडे सह्या आहेत. तो म्हणाला, सह्या राहू द्या, दहा मिनिटांत त्याला ड्रममधल्या जुन्या पाण्यात मोकळं करा, पण ड्रममध्ये टाकू नका, तिथे तो दुमडेल. काहीतरी लांब बघा. दहा मिनिटं, साडूभाऊ. द्वारकेच्या चौकात, दहा मिनिटांत, सव्वादोन फुटाच्या माशाला पुरेल असं लांब काहीतरी. मी खिशात हात घातला आणि मला ते मिळालं. काय मिळालं ते खाली येईल. केरूनानांनी टेम्पो फुटपाथला घातला, टायरच्या दुकानातल्या दोघांनी ड्रम उचलले, मी आणि लताने क्रेट उचलला, आणि अकराव्या मिनिटाला दौलत स्वच्छ पाण्यात होता. तिथे तो तब्बल अर्धा तास कुशीवर पडून होता. त्याचा एक कल्ला हलायचा, मग थांबायचा. त्याच्या हलण्याबरोबर माझा श्वास चालायचा आणि थांबण्याबरोबर थांबायचा. मी त्याच्या पोटाखाली तळवा धरून बसलो होतो. चैतालीला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात घोळत होतं. मग त्याने एकदम शेपूट मारली, सरळ झाला, आणि मी भिंतीला टेकून रडलो. हे तुम्ही कुणाला सांगणार नाही अशी खात्री आहे.

आता खरा धक्का. दौलत सावरल्यावर लता माझ्या शेजारी बसली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, झिंगे घातले होते मी. शनिवारी संध्याकाळी, सोलून, सहा. तीस वर्षांत या बाईने माझ्यापासून एक पदार्थ लपवला नाही. (चिवड्याच्या डब्यातही झिंगेच होते. नव्या घरात पहिल्या दिवशी बुजेल, ओळखीचं काही पोटात जावं म्हणून.) मी आईला फोन केला, निदान एक तरी सही खरी निघावी म्हणून. आई शांतपणे म्हणाली, मी कुठे खायला घातलं, मी फक्त पहाटे चमचाभर दही-साखर सोडलं पाण्यात. त्याला हात नाही, मग हातावर कसं देणार? म्हणजे पाणी गढूळ होतं ते यामुळे. मी तिला परिपत्रकाची आठवण करून दिली. त्यावर ती जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहितो.

“या घरातनं आजवर कुणी उपाशी पोटी गेलंय का? मग त्यानंच काय पाप केलं होतं?”

तेवढ्यात मैनावहिनींचाही फोन आला. रडत रडत त्यांनी कबूल केलं की दौलतच्या खाण्याच्या मूठभर गोळ्या त्यांनी शनिवारी दुपारी, आम्ही वामकुक्षीत असताना, आमच्याच दारातून येऊन घातल्या होत्या. शेवटची भेट म्हणून. सहा झिंगे, दही-साखर आणि मूठभर गोळ्या. लग्नघरात वऱ्हाडालासुद्धा इतकं आग्रहाने कुणी वाढत नाही. प्रत्येकीला वाटत होतं की घालणारी आपण एकटीच, आणि एवढ्याशाने काय होतंय! मी लताला म्हणालो, तुम्ही लोकांनी माया करून त्याचा जीव घेतला असता. मी असं बरंच म्हणालो. ती एकही शब्द उलटून बोलली नाही, आणि त्याचा मला आणखी राग आला.

तर असा सगळा प्रकार. दौलत आता जिवंत आहे, सुरक्षित आहे, पोहतो आहे. येत्या रविवारी त्याला पुन्हा न्यायचं ठरलंय. कोंडाजीरावांनी त्या दिवशी भावकीतली माणसं जेवायला बोलावली होती, ती मासा न बघताच जेवून गेली. तरीही ते एका शब्दाने बोलले नाहीत. चैताली मात्र फोनवर फक्त ‘बरा आहे ना?’ एवढंच विचारते आणि फोन ठेवते. बाळाचा एखादा फोटो पाठवा. आणि गुडघ्याला तेल लावत चला.

आपला,
किशोर

ता. क. १: दौलत कुठे आहे ते लिहायचं राहिलं. तो तुमच्या टबमध्ये आहे. रागावू नका, द्वारकेला माझ्या खिशात तुमच्या फ्लॅटची किल्ली होती आणि साडूभाऊंचं घर जवळ होतं, अशा वेळी कुणीही हेच केलं असतं. टबचं प्लास्टिक मी दाताने फाडलं, त्याबद्दल माफी. त्याने उडी मारू नये म्हणून वर तुमच्या बेडरूमच्या खिडकीची डासांची जाळी ठेवली आहे, आणि ती हलू नये म्हणून तुमचे दोन डंबेल. (ते पहिल्यांदाच कामी आले असावेत.) दारापासून बाथरूमपर्यंत टायरवाल्यांच्या पावलांचे ठसे आहेत, लता ते घासते आहे, आणखी दोनदा घासल्यावर जातील. तुमच्या वॉचमनने इमारतीतल्या मुलांना आणून दाखवलं, हे मला नंतर कळलं. तेव्हा कळकळीची विनंती अशी की शनिवारी परत येऊ नये. पुढच्या बुधवारपर्यंत नातवाजवळ राहावं. तिकीट मी बदलून देतो. आणि फार रागावण्याआधी विमलाताईंना विचारा, शनिवारी संध्याकाळी लताला फोनवर ‘उपाशी लेकराला घरातून घालवू नये’ असं कुणी सांगितलं ते.

ता. क. २: लिहावं की नाही या विचारात चहा प्यायलो. लिहितो. मीसुद्धा घातलं होतं. रविवारी सकाळी सहाला सोसायटीच्या बागेत गेलो होतो, फिरायला म्हणून. चैताली सासरी गेल्यापासून रोज जातो. बरणीत नाकतोडे धरतो आणि त्याला हाताने देतो. घरात कुणाला माहीत नाही. मी फक्त एकच देणार होतो, आणि पाच दिले. परिपत्रकावर पहिली सही माझी आहे, आणि द्वारकेच्या चौकात ‘अशक्य’ म्हणून सगळ्यांत मोठ्याने ओरडलो तोही मीच. लताने माझं सगळं ऐकून घेतलं ते का, हे मला काल कळलं. ती गॅलरीतून रोज बघत होती म्हणे. एवढा धक्का मला माशाच्या चपराकीनेही बसला नव्हता.

ता. क. ३: आज सकाळी तुमच्याकडे कुंड्यांना पाणी घालायला म्हणून गेलो आणि पाऊण तास टबशी स्टूल टाकून बसलो. तो जाळीखाली वर येऊन माझ्याकडे बघतो. स्वराज कालच म्हणाला की तो बरा झालाय, उद्यासुद्धा हलवता येईल. मी कोंडाजीरावांना मात्र अजून अशक्त आहे म्हणून सांगितलं. अशक्त नाही तो. पण तुमच्या टबमध्ये त्याला वळता येत नाही. टोकाला जातो, थांबतो, आणि सरळ मागे मागे येतो. आमच्या टाकीतही वर्षभर तेच करत होता, आणि मी ते बघत होतो.

म्हणून वरची विनंती रद्द समजावी. बुधवारपर्यंत थांबू नका. शनिवारचीही वाट बघू नका, परवा शुक्रवारी सकाळच्या पहिल्या गाडीने या. त्याचा दोन दिवसांचा उपास तेव्हापासून पुन्हा सुरू होतो. चैतालीच्या पाठवणीला आम्ही सगळे गळ्यात पडून रडत होतो, तेव्हा तुम्ही घड्याळ बघितलंत आणि ड्रायव्हरला म्हणालात, काढ गाडी. त्या दोन शब्दांसाठी मी दोन वर्षं तुमच्यावर मनातून चिडलो होतो. आता रविवारी तेच दोन शब्द मला हवे आहेत. आल्याबरोबर पहिलं काम म्हणजे माझ्याकडची तुमच्या फ्लॅटची किल्ली काढून घ्या, आणि रविवारपर्यंत मी कितीही मागितली तरी देऊ नका.